पार्टी येऊन राहिली

त्या दिवशी मी कोणालाही कोंडले नव्हते. मी एका दाराला बाहेरून कडी लावली, त्या वेळी आत एक गृहस्थ होते, आणि त्या गृहस्थांना बाहेर यायचे होते. या तीन स्वतंत्र घटना आहेत. त्यांची मोट बांधून आमची सौ. विमल, आमचे चिरंजीव प्रसन्न आणि बेसा रस्त्यावरील त्या इमारतीचे सचिव ढोमणे हे तिघे जी कथा प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर एका तेराव्याच्या जेवणात सांगत आले आहेत, ती ऐकून ऐकून माझा संयम संपला आहे. मी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय होता. तेव्हा ही शेवटची दुरुस्तीही मलाच करणे भाग आहे.

प्रकरण असे. प्रसन्न नोकरीनिमित्त पुण्याला असतो. त्याने नागपुरात बेसा रस्त्यावर दोन खोल्यांची एक सदनिका घेतली. राहण्यासाठी नव्हे, भाड्याने देण्यासाठी. (याला हल्ली 'गुंतवणूक' म्हणतात. आमच्या काळी याला 'दुसऱ्याच्या नळाची काळजी' म्हणत.) ही सदनिका सांभाळण्याचे काम पुण्याच्या एका कंपनीला द्यावे, सगळे मोबाइलवरच होते, असे त्याचे मत होते. मी कडाडून विरोध केला. नागपूरच्या घराची किल्ली नागपूरच्याच माणसाजवळ असली पाहिजे, आणि तो माणूस प्रतापनगरात या घडीला रिकामा बसला आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले.

"ठीक आहे बाबा," प्रसन्न म्हणाला. "पण मग एजंट असा शोधा, ज्याला भाड्यासाठी घर घेणाऱ्यांचं काम ठाऊक आहे. नुसता घर दाखवून कमिशन घेणारा नको. भाडेकरूची चौकशी, करार, पोलीस पडताळणी, नळ गळला तर प्लंबर, सगळं बघणारा पाहिजे. दिवाळीच्या आत घर लागलं तर किल्ली तुमच्याकडे. नाही लागलं तर कंपनीला."

त्या घरात कोण राहतो, याच्याशी मला फारसे कर्तव्य नव्हते. किल्ली कोणाकडे राहते, याच्याशी होते. एकदा ती पुण्याला गेली की या कुटुंबात माझ्याकडे फक्त भाजीची पिशवी उरली असती.

मी दलालांच्या मुलाखती सुरू केल्या.

पहिले गृहस्थ दोन मोबाइल घेऊन आले.

"काकाजी, बजेट बोला."

"मला घर घ्यायचे नाही. द्यायचे आहे."

"मंग देणाऱ्याचं बजेट बोला."

"देणाऱ्याला बजेट नसते."

"असं कसं, काकाजी? बिना बजेटची पार्टी मी गाडीवर बसवत नाही."

एवढ्यात त्यांचा दुसरा मोबाइल वाजला, आणि मी समोर बसलेला असताना, मला न विचारता, त्यांनी ते घर कोणाला तरी विकत देऊन टाकले. घर विकायचे नसून भाड्याने द्यायचे आहे, असे मी पुन्हा बजावले, तेव्हा ते सहानुभूतीने म्हणाले, "सारे पहिले असंच म्हणतात."

दुसऱ्या गृहस्थांची गांधीबागेत साड्यांची पेढी होती आणि घरांचा व्यवहार ते त्याच गादीवरून करीत. सौ. माझ्याबरोबर आली होती. (तिला मी आणले नव्हते. गांधीबागेचे नाव काढले की ती आपोआप चपला घालते.)

"अनुभव किती वर्षांचा?" मी विचारले.

"साडीचा का फ्लॅटचा?"

"फ्लॅटचा."

"साडीचा तीस वर्षांचा है," ते म्हणाले. "पण काकाजी, फ्लॅट काय न साडी काय, ठेवून दिली तर घडीवर फाटते. माल हलवत राहा लागते."

त्या मुलाखतीतून भाडेकरू निघाला नाही. दोन साड्या निघाल्या. तिन्ही मुलाखतींत हीच सर्वांत यशस्वी झाली, असे सौ. आजही सांगते. तिचे मत मी येथे नोंदवतो, मान्य करत नाही.

तिसरे मोरेश्वर गभणे. हे सौ.च्या भिशीतून आले. केस काळेभोर रंगवलेले, अत्तर असे की ते येण्यापूर्वी ते आले आहेत हे कळावे. त्यांच्या कार्डावर 'इन्व्हेस्टर स्पेशालिस्ट' असे छापले होते. त्यातला 'इन्व्हेस्टर' पुढच्या बाजूला एका प्रकारे, मागच्या बाजूला दुसऱ्या प्रकारे आणि मध्ये पिवळ्या पट्टीत तिसऱ्याच प्रकारे होता. मी खिशातून लाल पेन काढून तिन्ही दुरुस्त केले आणि कार्ड त्यांना परत दिले. ते त्यांनी वरच्या खिशात जपून ठेवले. माणसात काहीतरी आहे, असे मला त्याच वेळी वाटले.

"काकाजी, पहिले एक सांगा," गभणे म्हणाले. "भाडं मोठं पाहिजे का घर भरलेलं पाहिजे?"

"दोन्ही."

"दोन्ही तर सासऱ्याकडूनही भेटत नाही. मोठं भाडं मागसान तर घर रिकामं राहीन, न रिकाम्या महिन्याचं भाडं कोणीच देत नाही. मी अशा कितीक मालकांची घरं सांभाळून राहिलो. बाहेरगावचे मालक, इथं फक्त घर. मेन गोष्ट काय, पार्टीले पार्टी आवडली पाहिजे, म्हणजे पार्टी टिकते."

"यातली कोणती पार्टी कोण?"

"एक मालक, एक भाडेकरू. न तिसरी पार्टी सौदा झाल्यावर. ती तुमच्याकडून."

प्रसन्नने सांगितलेले सर्व काही त्यांना ठाऊक होते. भाडेकरू जिथे नोकरी करतो, तिथे जाऊन ते चहा पीत बसत आणि चौकशी करून येत. त्यांचा प्लंबर रविवारीही फोन उचलत असे. मी त्यांना नेमले. मात्र एक अट घातली: माझ्याशी बोलताना प्रमाण मराठी बोलायचे. मी नागपूरचाच, पण 'मले' आणि 'तुले' मी शाळेतच सोडून दिले होते आणि चाळीस वर्षे छापखान्यात चुकलेल्या अक्षरांचे शिशाचे खिळे उपटायला लावले होते.

गभणे घाबरले. "काकाजी, तुमच्याशी बोलतानी मले टेन्शन येऊन राहिलं."

"'येऊन राहिलं' नव्हे. 'येत आहे'. 'येऊन राहिले' याचा अर्थ वेगळा. पाहुणा येऊन राहिला, म्हणजे तो आला, आणि आता राहत आहे."

गभणे विचारात पडले. "म्हणजे, पार्टी येऊन राहिली असं म्हटलं तर?"

"तर पार्टी आली आणि राहू लागली. वाटेत असेल, तर 'येत आहे' म्हणायचे."

"बाप्पा," ते हळूच म्हणाले. "मंग हे तर आमच्या धंद्याचंच वाक्य निघालं."

स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आली. "काहून त्याच्या मागं लागता जी? त्याले घर लावायचं आहे, पुस्तक नाही छापायचं."

"असू द्या काकू," गभणे म्हणाले. "मी पाठ करून टाकतो."

(हे संभाषण मी मुद्दाम शब्दशः दिले आहे. पुढे काय झाले त्याचा दोष कोणाला द्यायचा, हे ठरवताना वाचकांना ते लागेल. त्यांनी तो मला देऊ नये.)

दसरा उलटला आणि गभण्यांनी भाडेकरू आणला. स्नेहल मेश्राम नावाच्या बाई, एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट, बरोबर त्यांची आई. राहणार कामठीच्या. रोज कामठीहून ऑटोत कोंबून येण्याजाण्याने दुसऱ्यांचे गुडघे सुधारता सुधारता त्यांचे स्वतःचे बिघडले होते. प्रसन्न फोनवर बोलला, त्याला त्या पसंत पडल्या, करार झाला, पडताळणी झाली. आता त्यांनी येऊन राहणे एवढेच उरले होते. त्यांच्या स्वागतासाठी मी छोटेसे निवेदनही मनाशी तयार केले होते. त्यात कोणता नळ कोणत्या बाजूला फिरवावा, येथपासून ते शेजाऱ्यांशी कितपत बोलावे, येथपर्यंत सर्व होते.

दरम्यान गभण्यांनी सौ.कडून दुसरी किल्ली नेली. सौ. म्हणते, तिने मला तसे सांगितले होते. सांगितले असेल. पण मी वर्तमानपत्र वाचत असताना सांगितलेली गोष्ट आमच्या घरात सांगितलेली धरली जात नाही, हा जुना दंडक आहे, आणि तो तिला ठाऊक आहे.

रविवारी सकाळी फोन आला. गभणे एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाने पाटीवर लिहावे तसे बोलले.

"काकाजी. पार्टी. येऊन. राहिली."

मी मनात हळहळलो. एवढे शिकवले, तरी पुन्हा तेच. पण सणासुदीचे दिवस होते. मी दुरुस्ती केली नाही. चाळीस वर्षांत सोडून दिलेली ही माझी पहिली चूक, आणि तीच नेमकी चूक नव्हती.

"बरे," मी म्हणालो. "मीही निघतो."

"तुम्ही आता कायले त्रास घेता? झालं सारं."

दलालाने 'झालं सारं' म्हटले की काम सुरू व्हायचे असते, एवढे मला एव्हाना कळले होते. मी किल्ली घेऊन स्कूटरने निघालो. कामठीहून यायचे म्हणजे पाहुण्यांना वेळ लागणार. तोवर मी दिवे लावून, खिडक्या उघडून दारात उभा राहीन, असा माझा बेत होता.

इमारतीच्या चौकीदाराला मी काहीच विचारले नाही, असा ढोमण्यांचा मोठा आक्षेप आहे. आमचे बोलणे नव्हते. त्याच्या फाटकावर 'विझीटर नि नोंद करने' अशी पाटी होती. ती मी मागच्या खेपेस लाल पेनने दुरुस्त केली, तेव्हापासून तो माझ्याकडे पाहून फक्त काठी आपटत असे. त्या दिवशीही त्याने आपटली. त्या आपटण्यात माहिती होती, हे मला पुढे सांगण्यात आले.

वर गेलो. दाराचे कुलूप उघडे. आतून जड काहीतरी फरशीवर ओढल्याचा आवाज, आणि त्याहून जड असा एका पुरुषाचा आवाज. तो स्वतःशीच बोलत होता, पण सभेत बोलावे तसा. मला दोन स्त्रिया सांगितल्या होत्या. यातली एकही असा आवाज काढील, हे संभवत नव्हते.

"आत कोण आहे?" मी विचारले.

"बाहेर कोन आहे?"

"मी आधी विचारले."

"मी आधी आत आलो."

"येथे काय चालले आहे?"

"सामान लावून राहिलो."

"कोणाचे?"

"आमचं. आम्ही इथं राहून राहिलो."

येथे माझे भान सुटले, हे मी मान्य करतो. "'राहून राहिलो' म्हणजे काय? एकदाच राहा की."

"एकदाच राहून राहिलो न गा. दोनदा भाडं कोन देते?"

उद्धटपणा, पुरुषी आवाज आणि अशुद्ध क्रियापद. याहून अधिक पुरावा मला नको होता. मी बाहेरची कडी लावली. कंपनीवाले पुण्यात बसून मोबाइलवर ही कडी लावू शकले असते काय? मला क्षणभर अतिशय कृतार्थ वाटले.

"अरे, कडी कायले लावली?" आतून आवाज आला. "गॅसवर दूध ठेवलं आहे."

"चोराने दूध ठेवायचे कारण काय?"

"काय म्हटलं? मोठ्यानं बोला."

मी मोठ्याने बोललो. तेही मोठ्याने बोलले. शेजारची दारे उघडली. ढोमणे बनियनवर आले. त्यांनी मला खाली बसायला सांगितले, मी बसलो नाही. मी अर्धा तास ओरडत होतो, असे ते सांगतात. मी ओरडत नव्हतो. आतल्या माणसाला ऐकू जाईल, इतक्याच आवाजात बोलत होतो. त्या माणसाला किती ऐकू येते, हा माझा दोष नव्हे.

एवढ्यात दाराखालून करपल्याचा वास येऊ लागला.

"हा आता घर पेटवतो आहे," मी जमलेल्यांना सांगितले आणि प्रसन्नला व्हिडिओ कॉल लावला. त्याने आधी गर्दी पाहिली, मग दार, मग मला. मी फोन उलटा धरला होता, त्यामुळे हे सर्व त्याने उलटे पाहिले.

"बाबा, ते भाडेकरू आहेत."

"भाडेकरू अजून वाटेत आहेत. ते येऊन राहिले आहेत."

"तेच म्हणतोय मी. येऊन राहिलेत ना?"

"येऊन राहिले म्हणजे पोहोचले नाहीत."

"कोणी शिकवलं हे तुम्हाला?"

मी उत्तर देणार तोच जिन्यावरून अत्तराचा वास आला, आणि मागोमाग गभणे. त्यांच्याबरोबर स्नेहलताई आपल्या वृद्ध आईला हाताला धरून वर आणत होत्या.

"काकाजी," गभणे दम खात म्हणाले, "मी फोन केला न. पार्टी येऊन राहिली म्हणून."

"ते तुम्ही नेहमीसारखे बोललात."

"नेहमीसारखं कुठं? तुमच्यासारखं बोललो. वाटेत असते तर 'येत आहे' म्हटलं असतं. तुम्हीच सांगितलं होतं. सकाळपासून तोंडात घोळवलं, बायकोले म्हणून दाखवलं, मंग फोन लावला."

फोनमध्ये प्रसन्न उलटा हसत होता. माणूस इतका शुद्ध बोलला की नागपुरात घोळ होतो, याचा मला तोवर अनुभव नव्हता.

कडी निघाली. आतून स्नेहलताईंचे मामा बाहेर आले. कामठीला यंत्रमागावर त्यांचा जन्म गेला होता. मागांच्या खडखडाटात एकमेकांना ऐकू जाईल असे बोलायची सवय लागली ती लागलीच, आणि ऐकू कमी येऊ लागले ते वेगळे. भाचीला सामान लावू लागायला ते सकाळीच आले होते. आई मागून ऑटोने आली, तिला आणायला स्नेहलताई गभण्यांबरोबर पुढच्या चौकापर्यंत गेल्या, आणि जाताना मामांना म्हणाल्या, दुधाकडे लक्ष ठेवा. नव्या घरात पहिले दूध उतू घालवतात. ते आईच्या डोळ्यांदेखत जावे, एवढीच त्यांची इच्छा होती. मामा दाराशी माझ्याशी वाद घालीत राहिले, आणि दूध उतू गेले, आटले आणि शेवटी काळे झाले.

आईंनी ते पातेले पाहिले. मग दाराकडे पाहिले.

"स्नेहल, सामान बांध," त्या म्हणाल्या. "ज्या घराले बाहेरून कडी लागते, तिथं मी नाही राहत."

"माय, कडी आत्ता काढून टाकतो," गभणे म्हणाले. "कारपेंटर बोलावतो."

"कडीचं काय? लावणारा तर इथंच आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. प्रसन्न आता हसत नव्हता.

"बाबा," तो म्हणाला, "हे लोक गेले तर दिवाळीच्या आत दुसरं कोणी मिळणार नाही. मग मी कंपनीला सांगतो."

मी खाली जाऊन दुधाची पिशवी आणली. (सौ.च्या कथेत मी पळत गेलो. मी चालत गेलो, वेगाने.) ती मी आईंच्या पुढे ठेवली आणि म्हणालो, "मावशी, चूक झाली." हे दोन शब्द मी दुसऱ्यांच्या लिखाणाबद्दल असंख्य वेळा उच्चारले होते. स्वतःबद्दल उच्चारताना ते तोंडात बसेनात.

आईंनी पिशवी बाजूला सरकवली. बोलले ते मामा, आणि साऱ्या मजल्याला ऐकू गेले.

"ताई, माणूस खराब नाही. बाकी लोक माझ्याशी पुटपुट करतात. याचं मले सारंच्या सारं ऐकू आलं."

आईंच्या चेहऱ्यावरचा राग किंचित सैल झाला. स्नेहलताईंनी ते बरोबर टिपले. "आई, घर चांगलं आहे, दवाखाना जवळ आहे. काही वाटत असेल तर करारात लिहून घेऊ न."

"लिहून घ्या," आई म्हणाल्या. "हे इथं येणार नाहीत असं."

"मालकाले चालीन?" गभण्यांनी फोनकडे पाहून विचारले.

"मालकाला चालेल," प्रसन्न म्हणाला. इतक्या झटपट त्याने आजवर कशालाच होकार दिला नव्हता.

गभण्यांनी तिथेच जिन्यावर बसून मोबाइलवर पुरवणीचा मजकूर टाइप केला आणि वाचून दाखवला: 'मालकाचे वडील यांनी फ्लॅटवर येऊ नाही.'

आता लोक सांगतात की ही अट माझ्यावर लादली गेली, माझे तोंड उतरले, आणि किल्ली काढून देताना मी ती दोनदा परत खिशात घातली. तिन्ही गोष्टी साफ खोट्या आहेत. मला अटीचे काही वाटले नाही. वाटले ते 'येऊ नाही' या प्रयोगाचे. असला मजकूर सरकारी कागदाला जोडला जाणार, आणि त्यात माझा उल्लेख असणार, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. मी गभण्यांना तो मजकूर पुसायला लावला आणि नवा सांगू लागलो, ते टाइप करू लागले:

'जागामालकाचे वडील यांना भाडेकरूंच्या पूर्वसंमतीवाचून सदर सदनिकेत प्रवेश करता येणार नाही. तसेच सदर सदनिकेची कोणतीही किल्ली त्यांच्या ताब्यात असणार नाही.'

सर्वांना ते पसंत पडले. आईंनी दुसऱ्यांदा दूध ठेवायला सांगितले. गभण्यांनी तो मजकूर जपून ठेवला आहे, आणि आता ते आपल्या प्रत्येक मालकाच्या करारात तो घालतात, असे ऐकतो. एक अक्षर बदलावे लागत नाही, म्हणतात.

किल्लीचे कलम कोणी मागितलेच नव्हते, असे प्रसन्न सांगतो. त्याच्या संपूर्ण कथेत एवढेच एक विधान खरे आहे. ते मी घातले. त्याशिवाय वाक्याला तोल येत नव्हता.